तिसावा अर्ज

लोपीसबाई कुणालाही आधी टक्के विचारत नसत. बारावी पास झालेला मुलगा खिडकीपाशी आला की पहिला प्रश्न, "घरी शेत आहे?" तो हो म्हणाला तर दुसरा प्रश्न, "लावणी कधी?" त्यानंतर कुठे मार्कशीट हातात घ्यायच्या. विरारच्या नव्या इमारतींतून आलेली पोरं या प्रश्नाने पार गोंधळून जायची. एकाने तर, "आमच्या गॅलरीत तुळस आहे," असं सांगितलं होतं. बाईंनी अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'शेत नाही' असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

वसईतल्या त्या कॉलेजात मी भूगोल शिकवायला आलो तो नव्वदीच्या सुरुवातीला. मी साताऱ्याकडचा. विरारला भाड्याच्या दोन खोल्या, नवी नोकरी, आणि नव्या प्राध्यापकाच्या अंगात जो एक ताठा असतो तो भरपूर. रुजू व्हायचं पत्र घेऊन ऑफिसात गेलो तर हेडक्लार्क बाईंनी ते पत्र बाजूला ठेवलं आणि मलाही तेच विचारलं. घरी ऊस आहे म्हणालो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ऊस वर्षभर उभा. तुम्हाला आमची घाई कळायची नाही," असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातावर ठेवलं. माझं स्वागत एवढंच झालं. मला अर्थातच राग आला. केळं मात्र फार गोड होतं.

केळी त्यांच्या वाडीतली. बाईंचे यजमान जोकीमभाऊ बागायतदार, बोलणं जवळपास नाहीच. सकाळी स्कूटरवरून बाईंना फाटकाशी सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे. आत या म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायचे. नवऱ्याने जेवढं बोलायचं टाळलं तेवढं सगळं बाईंनी बोलून टाकलं होतं. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कुणाचीही भीड नाही. खाडाखोड केलेला दाखला आणला तर मुलाच्या बापालासुद्धा उभं करून झापायच्या. मधे वर्ष गेलेलं असेल तर शपथपत्राशिवाय अर्जाला हातही लावायच्या नाहीत. "वर्ष गेलं म्हणजे हरवलं का? कुठे गेलं ते लिहून आण," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमच्या प्राचार्यांना पेपर वाचून दाखवायची खोड होती. राज्यभर कलाशाखेकडे ओढा कमी होतोय, अमुक विभागात वाणिज्य वाढतंय, तमुक विभागात कॉम्प्युटरच्या कोर्सला रांगा लागल्यात, असं दर जूनमध्ये आम्हाला ऐकावं लागायचं. आम्ही माना डोलवायचो. बाई मात्र पेपर वाचत नसत, अर्ज वाचत. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. मी आलो तेव्हा तिथे शेती, मासेमारी, मिठागर असं काय काय असायचं. पुढे पुढे नोकरी, नोकरी आणि नोकरी. आडनावंही बदलली. आधी वसईची गावं, मग कोकण, मग आमचा देश. "सर, तुमचे लोक आले बरं का," असं त्या मला खिडकीतून ओरडून सांगायच्या. ज्या वर्षी प्राचार्यांनी कलाशाखा ओस पडल्याची घोषणा केली, त्या वर्षी बाईंनी त्यांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा नेऊन ठेवला. मुलगे कॉम्प्युटरला गेले होते हे खरं, पण त्यांच्या जागी मुली आल्या होत्या. ओस पडायला मुली म्हणजे माणसं नाहीत का, असं त्यांनी विचारलं. प्राचार्यांनी त्या दिवसापुरती पेपरची घडी घातली.

एकदा वरच्या कचेरीतून एक छापील फॉर्म आला. ग्रामीण भागातून प्रवेश कमी का, याची कारणं त्यात आधीच छापलेली होती. गरिबी, अनास्था, अंतर, लवकर लग्न. आपण फक्त खूण करायची. बाईंनी एकाही कारणापुढे खूण केली नाही. खाली मोकळ्या जागेत लिहिलं, 'प्रवेशाची शेवटची तारीख आणि भाताची लावणी एकाच आठवड्यात येते.' प्राचार्य हादरले. असलं उत्तर वर कसं पाठवायचं? बाई म्हणाल्या, "सर, अनास्था नाही, चिखल आहे. पोरगं गुडघाभर चिखलात उभं असतं तेव्हा आपण खिडकी उघडतो, आणि ते पाय धुऊन येतं तेव्हा बंद करतो." फॉर्म तसाच गेला. त्याचं पुढे काय झालं कुणास ठाऊक.

भूगोलाचा प्राध्यापक मी. पाऊस किती मिलिमीटर पडतो, वारे कुठून येतात, सगळं फळ्यावर काढून दाखवणारा. कॉलेजपासून थोड्या अंतरावरची पोरं वर्गात का येत नाहीत, ते मात्र एका हेडक्लार्कने मला समजावलं. बाईंनी ही लाज मला अनेक वर्षं आठवणीने काढून दाखवली.

नुसतं बोलून थांबणाऱ्या त्या नव्हत्याच. जूनमधल्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की कोरे अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निघायच्या. आधी अर्नाळा, कारण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बाप घरी सापडतो. मग एसटीने कामण, चिंचोटी. बांधावर उभं राहून नाव, गाव, विषय लिहून घ्यायचे, सही घ्यायची, आणि अर्ज मुदतीत आला अशी नोंद करून टाकायची. दाखला, मार्कशीट लावणी झाल्यावर. एकदा मलाही ओढून नेलं. चिंचोटीच्या अलीकडे एका शेतात वंदना नावाची मुलगी कमरेत वाकून रोपं लावत होती. बाईंनी हाक मारली तशी ती बांधावर आली, हात लुगड्याला पुसले तरी चिखल राहिलाच, आणि तशाच हाताने तिने सही केली. "बाय, लावनी झाली की येतंय," म्हणाली आणि परत पाण्यात उतरली. खरोखरच पंधरा दिवसांनी आली. तीन वर्षं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसली आणि आज त्याच भागात शाळेत शिकवते. तिच्या अर्जावर चिखलाचा अंगठा होता म्हणून प्राचार्य कुरकुरले होते. बाईंनी तो अर्ज मुद्दाम फाइलमध्ये सगळ्यात वर लावला.

मग बाईंची वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली आणि मे अखेरीला त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात प्राध्यापकांनी एकमेकांना मागे टाकत कौतुक केलं. बाईंनी उत्तरादाखल सगळ्यांना केळी वाटली आणि गेल्या.

त्यांच्या जागी आला सावंत. मुलगा चांगला, कॉम्प्युटर शिकलेला, नियमाला पक्का. कागद पुरे नाहीत तर अर्ज नाही. त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही, नियम तसाच होता. पण त्याच जूनमध्ये संस्थेने फर्मान काढलं होतं की प्रथम वर्ष कलाचा वर्ग तीस विद्यार्थी झाले तरच चालेल, नाहीतर बंद. शेवटच्या तारखेला आठवडा उरला असताना मी सावंतकडे आकडा विचारला. एकवीस. माझी नोकरी तर त्या वर्गावर होतीच. पण त्या एकवीस पोरांना दाखले परत मिळाले असते तर त्यातल्या निम्म्यांनी, मुलींनी तर नक्कीच, दुसरं कॉलेज शोधलं नसतं. घरी बसल्या असत्या.

मी तडक बाईंच्या वाडीत गेलो. बाई केळीची सुकलेली पानं कापत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रडताय काय, छत्री घ्या. पुढचे सहा दिवस आम्ही दोघं गावोगाव फिरलो. या वेळी बांधावरची सही पुरत नव्हती, दाखला आणि मार्कशीट त्याच दिवशी हवी होती. ती घरात पत्र्याच्या पेटीत असायची आणि पेटीची किल्ली शेतात असायची. बाई किल्लीसाठी चिखलात उतरायच्या, मी बांधावर छत्री धरून उभा. एका आजीबाईंनी मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी सर. त्या म्हणाल्या, मग ही चिखलात का?

असे नऊ अर्ज झाले. एकवीस आणि नऊ तीस. शेवटच्या दिवशी मी सकाळी जिलबी घेऊन ऑफिसात गेलो. दुपारी एक मुलगा आला आणि दाखला परत मागू लागला. त्याचा डी.एड.ला नंबर लागला होता. त्या वर्षी अख्ख्या राज्याला मास्तर व्हायचं होतं, त्याला तरी काय बोलणार? सावंतने दाखला दिला. एकोणतीस. मी बाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. बाई फोनवर आल्या, सगळं ऐकलं. मग विचारलं, "खिडकी किती वाजता बंद?" मी म्हटलं, पाचला. त्यांनी फोन ठेवला.

पाचला वीस मिनिटं असताना जोकीमभाऊंची स्कूटर फाटकाशी थांबली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जोकीमभाऊ आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. बाई विद्यार्थ्यांच्या बाजूने खिडकीपुढे उभ्या राहिल्या आणि भरलेला अर्ज आत सरकवला. नाव : इसाबेल जोकीम लोपीस. वर्ग : प्रथम वर्ष कला.

सावंतने माझ्याकडे पाहिलं, मी सावंतकडे. बाईंनी एकेक कागद काढून ठेवला. मॅट्रिकचा दाखला. त्यानंतर एक वर्ष कॉलेजात जाऊन दिलेल्या परीक्षेची मार्कशीट, कडा पिवळ्या पडलेली. हे शिक्षण आजच्या बारावीइतकं धरलं जातं, ते परिपत्रकही सोबत. सावंत कसंबसं म्हणाला, "बाई, मधल्या वर्षांचं शपथपत्र लागेल."

बाईंनी तेही पुढे केलं. खंडाचं कारण, तिथे एकच शब्द टाइप केलेला होता. लग्न. मी तारीख पाहिली. जूनचा पहिला आठवडा. म्हणजे निवृत्त होऊन चार दिवस झाले नव्हते तोवर बाईंनी शपथपत्र करून ठेवलं होतं. तेव्हा तीसचं फर्मान त्यांच्या कानावरही नव्हतं.

मी विचारलं, मग इतके दिवस अर्ज का दिला नाही? बाई पहिल्यांदाच जरा लाजलेल्या दिसल्या. "आधी पोरांचं होऊ दे म्हटलं. माझं काय, उरलं तर."

अर्जावर पालकाची सही लागते. जोकीमभाऊंनी पेन घेतलं, सावकाश सही केली आणि तिथेच उभे राहिले. मग कुणी विचारलं नसताना मला म्हणाले, "तीन वर्षं थांबा म्हणाली होती. मी थांबलो नाय." सही ओली होती, त्यावर त्यांनी फुंकर घातली.

वर्ग वाचला. मी शहाण्यासारखं बाईंना म्हटलं, ऑगस्टमध्ये पटसंख्या वर कळवली की तुमचं नाव काढून टाकू, तुम्हाला उगाच त्रास नको. बाईंनी मला झापलं ते खाडाखोड केलेल्या दाखल्याला झापत तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वर्गात हजर. मी हजेरी घेताना दोन नावं वगळली तर मधेच उठून सांगितलं. तीन वर्षांत एकही तास बुडवला नाही. बुडवला तो फक्त लावणीत, तोही त्यांच्याच वर्गातल्या, वंदनाच्या धाकट्या बहिणीला सोबत म्हणून. भूगोलात मी त्यांना पन्नासच्या वर कधी देऊ शकलो नाही, आणि त्यांनी कधी तोंडही वाकडं केलं नाही. दुसऱ्या श्रेणीत पास झाल्या. घरी जेवायला बोलावलं, दहा प्रकारचे पदार्थ केले, पदवीचा मात्र विषयच काढला नाही. ती आतल्या खोलीत फ्रेम करून लावलेली मी हात धुवायला जाताना पाहिली.

त्यानंतर तीन वर्षांनी, ईस्टर होऊन थोडे दिवस झाले होते, बाई अचानक गेल्या. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. अर्नाळ्याचे लोक होते, चिंचोटीचे होते, विरारच्या इमारतींतले होते. सावंत एका कोपऱ्यात रुमालाने डोळे पुसत होता. मी तर लपवायचंही सोडून दिलं होतं. नवे फादर तरुण होते, बाईंना ओळखत नव्हते. हातातल्या कागदावरून त्यांनी वाचायला सुरुवात केली, आपली भगिनी इसाबेल जोकीम लोपीस हिच्या आत्म्यासाठी आपण प्रार्थना करू या.

पहिल्या बाकावरून जोकीमभाऊ उठले. आयुष्यभर चारचौघांत न बोललेला माणूस, आवाज चिरका लागला, पण अख्ख्या चर्चला ऐकू गेला.

"बी.ए.," ते म्हणाले.

फादर थांबले. त्यांनी कागद खाली केला, जोकीमभाऊंकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, "आपली भगिनी इसाबेल जोकीम लोपीस, बी.ए."

मग जोकीमभाऊ खाली बसले.