पलीकडचा हात

परवा वारज्याच्या फ्लॅटमध्ये कारागीर बाल्कनीला जाळीचं दार बसवत असताना तोच 'टक्' आवाज आला. खडकीच्या क्वार्टरमध्ये आमचे हे पत्र्याच्या पेटीला रिव्हेट मारायचे, तेव्हा रिव्हेटचं आतलं टोक चेपावं म्हणून मी पेटीच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचे आणि त्यांच्या हातोडीचा प्रत्येक घाव माझ्या तळव्यात उतरायचा. एकदा ते रिव्हेटची गन घेऊन आले. "मधला खिळा ओढला की रिव्हेट पलीकडे आपोआप फुगतो, मग 'टक्' करून खिळा तुटतो. विमानाच्या पंखात हात जात नाही, म्हणून काढलंय हे. सुटलीस तू!" खुशीत होते. मी आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली. आता हेही नाहीत. कारागीर म्हणाला, "काकू, तुम्ही बसा, मला एकट्याला जमतं." तरी मी दारापलीकडे तळवा टेकवून उभीच राहिले.