मनसाराम सिरोंच्याला निघतो

कुडेघाटचा मनसाराम पाण्यात जेवढा धीट, तेवढाच जमिनीवर बुजरा. वैनगंगेला पूर आला की गावची माणसं टेकाडावर चढून बसत आणि हा डोंगा घेऊन वाहती लाकडं धरायला निघे. पण बाजाराच्या दिवशी चामोर्शीला जायचं म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा. गर्दीत हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नसे. म्हणून लग्न झाल्यापासून मासे धरायचे त्यानं आणि विकायचे गुणाबाईनं, अशी वाटणी झाली होती. तो दिवसभर नदीत, ती डोक्यावर टोपली घेऊन काठाकाठानं गावोगाव.

अशा माणसाला एका हिवाळ्यात एकाएकी सिरोंच्याला जायची घाई झाली.

कारण होतं त्याची लेक कुंता. ती तिकडे प्राणहितेच्या काठी, मासेमार ढिवराच्याच घरी दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, दिवाळीनंतर जावई येऊन घेऊनही गेला. मनसारामच्या घराण्यात एक रीत होती. लेकीच्या पहिल्या मुलाचं पहिलं जाळं आज्यानं विणायचं आणि माघी पुनवेला त्या मुलाच्या गावच्या घाटावर आज्यानंच ते फेकायचं. ज्याच्या हातून ते जाळं पडेल त्याच्या हाताचा गुण पोराच्या हाताला लागतो, असं म्हातारी माणसं सांगत.

निघताना कुंता म्हणाली होती, "बा, तू आला नाई तं माहा सासरा फेकन. अन् त्याचं जाळं कसं पडते, ठाव हाये का? भिजल्या घोंगडीवानी. धप्पकन!"

सगळे हसले. मग बैलबंडीत बसता बसता ती हळूच म्हणाली, "लगन झाल्यापासून एकदा तरी माह्या घरी आला का तू?"

ते वाक्य मनसारामच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. जाळं तर त्यानं पौष लागायच्या आतच विणून ठेवलं. जायचं कसं, तिथं घोडं अडलं.

मोटारीचं नावच नको. एकदा तो मोटारीत बसला होता आणि आष्टी येईपर्यंत खिडकीबाहेर मान काढून ओकत होता. पुरात कधी पोटात ढवळलं नाही, ते मोटारीत ढवळलं. डोंगा घ्यावा, तर माघात पाणी उतरून खडक उघडे पडतात आणि परतताना धारेविरुद्ध वल्हवत यायचं म्हणजे होळी वाटेतच. शिवाय डोंगा त्याचा आणि जोडीदार वारलूचा भागीतला. तो नेला तर वारलूनं काय हातानं मासे धरायचे?

मग त्याला बापूजीची सायकल आठवली. बापूजी गावचा धानवाला शेतकरी. गावात पहिली सायकल त्याचीच. पण त्याचे गुडघे धरल्यापासून ती पडवीत पोत्याखाली उभी होती.

"ने," बापूजी म्हणाला. "पण परत आणजो बाप्पा. तू नाई आला तं चालते, सायकल आली पाह्यजे."

मनसाराम सायकल शिकला ती नदीच्या वाळूत. वाळू संपली की पाणी आणि तोल गेला की सायकलसकट पाण्यात. पाण्यात पडायला तो भ्यायला नाही, म्हणूनच लवकर शिकला. पोरं काठावर बसून हसायची आणि तो भिजलेलं धोतर पिळत पुन्हा चढायचा.

सामानाची युक्ती मात्र त्याची स्वतःची. सायकलच्या दांड्यांमधल्या तिकोनी जागेच्या मापानं त्यानं जाळ्याची पिशवी विणली. तिच्यात तांदूळ, सुकट आणि पंप. दुसरी पिशवी हँडलला, तिच्यात भाताचा गंज, तवा आणि कंदील. कॅरिअरवर घोंगडी आणि पोराचं जाळं. सामान हलत नव्हतं की खडखडत नव्हतं. बापूजीनं सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "गा मनसाराम, सायकल हाये का मासा? पुरी जाळ्यात धरली तू!"

मग एका दुपारी घाटावर बेत ठरवायला माणसं जमली. मनसारामनं वल्ह्याच्या टोकानं वाळूत एक लांब रेघ ओढली. ही नदी. इथं कुडेघाट, इथं आष्टी. तिथं वर्धा येऊन मिळते आणि वैनगंगेची प्राणहिता होते. पुढं अहेरी आणि शेवटी सिरोंचा. रेघ काढताना त्याचा हात एकदाही अडखळला नाही. एकेक मुक्काम बोलायचा आणि रेघेवर एकेक शिंपला ठेवायचा.

"पयला मुक्काम चिचघाटले, डोमाकडं. त्याची बायको झिंग्याची चटणी बेस करते. मंग माळेघाट. तिथं वड हाये, वडाखाली झोपाचं. मंग बुधरीबाईचं घर. तिचा नवरा माह्यासंगं डोहात उतरला होता..."

चार माणसांत मनसाराम एवढं बोलतोय हे गावानं पहिल्यांदा ऐकलं. वारलू तर खूश होऊन मांडीवर थाप मारत होता. "मनसारामभाऊ, तुले तं वाटच पाठ हाये गा!" मनसारामलाही तसंच वाटलं. उभ्या आयुष्यात त्याची छाती जमिनीवर एवढी कधी फुगली नव्हती.

तेवढ्यात गुणाबाई रिकामी टोपली घेऊन बाजारातून आली. गर्दी पाहून वाकली. बराच वेळ रेघेकडे पाहत राहिली.

"अजी," ती म्हणाली, "ह्या रेघेच्या कोन्त्या अंगानं सायकल जाते?"

"म्हंजे?"

"म्हंजे डोमा तं पल्याडच्या काठचा नाई का?"

गुणाबाईनं टोपली खाली ठेवली, एक काडी उचलली आणि मनसारामच्या रेघेशेजारी दुसरी रेघ ओढली. आता नदीला दोन काठ झाले. मग एकेक शिंपला उचलून ती ज्याच्या त्याच्या काठावर ठेवत गेली. चिचघाट पल्याड. माळेघाटचा वड पल्याड. बुधरीबाईचं घर तर पार तिकडे, दुसऱ्या राज्यात. आल्याडच्या काठाला शेवटी आष्टी, अहेरी आणि सिरोंचा एवढंच उरलं. बाकी सगळी मोकळी वाळू.

मनसारामची चूक नदीवरच्या माणसाची होती. डोंग्यातून जाणाऱ्याला डावा काय आणि उजवा काय, मनात येईल तिकडे लागावं. त्याच्या लेखी नदी हीच वाट होती आणि वाटेला त्यानं कधी काठ धरले नव्हते. सायकलला मात्र एकच काठ लागतो.

बापूजीला हसू आवरेना. "मनसाराम, हा मुक्काम तं मोगलाईत गेला! आता सायकलले वल्हं बांधतं का गा?"

"घंटी वाजवजो, नदी बाजूले होते!" वारलू म्हणाला आणि सगळा घाट हसला.

मनसारामही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानं पायानं दोन्ही रेघा पुसल्या. "जाऊ द्या," म्हणाला. "कुंताचा सासराच फेकन जाळं." आणि डोंग्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकल परत करायला निघाला. गुणाबाई अंगणात मासे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुठी चालले?"

"बापूजीभाऊची सायकल देऊन येतो."

"अन् नातवाचा हात? तो घोंगडीवानी पडू द्याचा का?"

मनसाराम सायकल धरून उभा राहिला. मग कधी नव्हे ते मोकळं बोलला. "मले काठ ठावच नाई वो. नदी विचार, कोन्त्या डोहात कोन्ता मासा ते सांगतो. पन काठानं कोन्तं गाव लागते, नाला कुठी उतराचा, रात्री कोनाच्या दारात जाचं... मले काईच ठाव नाई. कुंतानं बोलावलं अन् मले तिच्या घरची वाट ठाव नाई."

गुणाबाईनं मासा टोपलीत टाकला. "आष्टीपर्यंतची मले ठाव हाये. कोन्त्या गावात कुत्रे चावरे अन् कोन्त्या घरी रातची जागा देते, समदं. आष्टीच्या बाजारात अहेरीकडची नीलाबाई मासे घेऊन येते. पुढचं तिले ठाव असन. तिच्या पुढचं तिच्या पुढचीले. मासे डोक्यावर घेतलेली बाई हर गावात हाये. इचारत जाचं."

"इचारत?" मनसारामचा चेहरा पुन्हा उतरला. "परक्या बायायले? मी?"

"म्हनूनच तं मी येऊन राह्यली."

"सायकलवर?"

"नाई तं डोक्यावर घेता का मले?"

मग सामान नव्यानं लागलं. कॅरिअरवर गुणाबाई बसणार म्हणून घोंगडी हँडलला गेली. कंदील, तवा आणि अर्धा तांदूळ तिनं काढून टाकला. "दाना लोकाच्या घरी बी असते," म्हणाली. सुकट मात्र दुप्पट घेतली, ज्या दारात उतरायचं तिथं द्यायला. पोराचं जाळं तिनं मांडीवर धरलं. गावाच्या वेशीपर्यंत सायकल दोनदा पडली. दोन्ही वेळा गुणाबाई आधीच उडी मारून बाजूला उभी होती. वारलू मागून ओरडत होता, "वयनी, वल्हं घेतलं का?"

वाट तिनं सांगितली तशीच निघाली. धानाच्या कापल्या बांध्यांमधून, लाखोळीच्या शेतांच्या धुऱ्यानं, सागाच्या पाचोळ्यातल्या गाडीवाटेनं. वाळू आली की दोघं उतरून ढकलायचे. नाला आला की मनसाराम सायकल खांद्यावर घ्यायचा. गावात शिरलं की गुणाबाई पुढं आणि तो मागं. ती पहिल्या टोपलीवालीला गाठायची. दोघींचं बोलणं सुरू झालं की पुढची वाट आणि रात्रीचं जेवण दोन्ही ठरून जायचं. नीलाबाईनं तर आपल्या भाच्याच्या घरची शेळीसुद्धा कोणत्या रंगाची ते सांगून ठेवलं होतं, म्हणजे दार चुकायला नको.

दिना नदीच्या तोंडाशी मात्र वाट संपली. पाणी खोल आणि विचारायला एकही बाई नाही. गुणाबाईनं पहिल्यांदाच मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं. मनसारामनं तोंडाशी हात नेऊन दूरच्या एका डोंग्याला हाक घातली. डोंगेवाला जवळ आला तेव्हा दोघं जुन्या सोयऱ्यासारखे बोलत सुटले. कोणत्या डोहात मरळ, कुठे खडक, यंदा झिंगा कसा. पलीकडे उतरल्यावरही बोलणं संपेना. गुणाबाई सायकल धरून उभी. शेवटी म्हणाली, "अजी, नातू मोठा होऊन स्वताच जाळं फेकन आता. चला!"

ती थट्टा खरी व्हायचीच बाकी राहिली होती. अहेरीच्या पुढे ट्यूब फाटली, ठिगळ लावण्यात दिवस गेला आणि माघी पुनवेची सकाळ वाटेतच उजाडली. मनसारामनं त्या दिवशी सायकल अशी मारली की गुणाबाईनं डोळे मिटून घेतले. घाटावर पोचले तेव्हा माणसं जमलेली होती. व्याही गुडघाभर पाण्यात, खांद्यावर स्वतःचं जाळं घेऊन उभाच होता. कुंता पोराला कडेवर घेऊन पाण्याकडे नाही, वाटेकडे पाहत होती.

"बा आला!" ती एवढ्या जोरानं ओरडली की पोर रडायला लागलं.

व्याह्यानं मागं पाहिलं. तो भला माणूस. खांद्यावरचं जाळं उतरवत तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला, "या या, बावगारू! तुम्ही आला, माझी इज्जत वाचली. माझं जाळं कसं पडते, सून सगळ्या गावाला सांगते."

मनसाराम तसाच धुळीच्या पायांनी पाण्यात उतरला. पाणी पायाला लागलं आणि त्याचा सगळा बुजरेपणा गळून गेला. घाटावर एवढी माणसं आहेत हेही तो विसरला. जाळ्याच्या घड्या खांद्यावर घेतल्या, कमरेत एक हेलकावा दिला आणि फेकलं. ते छोटं जाळं हवेत थाळीसारखं गोल उघडलं आणि आवाज न करता पाण्यावर उतरलं. काठावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

कुंता पोराला घेऊन पाण्यात आली आणि तिनं जाळ्याची ओली दोरी त्याच्या मुठीत दिली. रडणारं पोर गप्प झालं. त्यानं दोरी घट्ट धरली, मग तोंडात घातली आणि चोखायला लागलं.

"ओढा बावगारू, मासे चालले!" व्याही ओरडला. "ओढा!" माणसं ओरडली.

पण दोरीचं टोक नातवाच्या तोंडात होतं. मनसाराम मधली दोरी सैल धरून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि काही केल्या ओढत नव्हता.