देवळालीच्या रस्त्यात फुटलेलं गुपित

अन्याय माझ्या ताईवर झाला. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, रविवारी सकाळच्या खेळाला, शेवटचं रीळ लागायच्या अगदी आधी. तसा तो अख्ख्या थेटरावर झाला, पण थेटर विसरलं. मी विसरलेलो नाही.

सिनेमा इंग्रजी, काळा-पांढरा, आम्हा दोघांच्या जन्माआधीचा. एक बंगला, एक खून आणि घरातल्या प्रत्येकावर संशय. ताई शाळेत शिकवायची. रद्दीतल्या एका विलायती मासिकात तिने हा सिनेमा कसा केला ते वाचलं होतं. बंगला म्हणजे स्टुडिओतल्या फळ्या, खिडकीबाहेरचा पाऊस नळाचा. आणि खुनी कोण, हे नटांनासुद्धा माहीत नव्हतं! दिग्दर्शकाने शेवटची पानं कुलपात ठेवलेली. पुढच्या पानावर शेवट छापला असेल या धास्तीने ताईने ती पानं खळ लावून चिकटवून टाकली. खळ माझी, आमच्या तरुण मंडळाच्या पोस्टरांसाठी शिजवलेली.

प्रिंट एकच यायची. आधी देवळाली कॅम्पात रीळ चालायचं, मग तोच डबा फटफटीवरून नाशकात. वाटेत उशीर झाला की आमच्या थेटरात दिवे लागत आणि लोक शेंगदाणे फोडत बसत. त्या दिवशी नेमके शेवटच्या रिळासाठी दिवे लागले.

"मला वाटतं, मला कळलंय," ताई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "नको, तू काही बोलू नकोस."

तेवढ्यात फटफटीवाला डबा घेऊन आत आला. कॅम्पातून रीळ बघूनच निघायचा तो.

"लय भारी शेवट हाय!" तो दारवानाला ओरडून म्हणाला. "अहो, खून तर त्या..."

पुढचं मी इथे लिहिणार नाही. त्याने मात्र सांगितलं, पार पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं.

ताईने पदर खाली घेतला आणि चपला शोधायला लागली. मी मॅनेजरला गाठलं.

"शेवट कळला तर काय बिघडलं?" तो म्हणाला. "लग्नात कोण कुणाला माळ घालणार ते ठाऊकच असतं. तरी जेवायला येताच ना?"

काय बिघडलं? अहो, नटांपासूनसुद्धा कुलपात जपलेलं गुपित सात समुद्र ओलांडून धडधाकट आलं आणि देवळाली ते नाशिक एवढ्या रस्त्यात फुटलं!

मी मंडळात जाऊन पत्रक काढायचं ठरवलं. मंडळातला थोरला म्हणाला, "मोघम नको. काय घडलं ते जसंच्या तसं लिही." मंडळात आम्हाला शिकवलंच तसं होतं. त्याने स्वतः मजकूर पक्का केला आणि पत्रकं सायक्लोस्टाइल होऊन आली. ताईने एक हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्यांनो, खुनी कोण ते तिसऱ्या ओळीत छापलंय! हे वाटलंत की उरलेलं नाशिकही माझ्याच रांगेत."

गठ्ठा बंबात गेला. त्यावर तापलेल्या पाण्याने थोरल्याने आंघोळ केली, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पुढच्या रविवारी तोच खेळ पुन्हा होता. ताई तिकीट न काढता थेटराच्या दारात जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. शाळेच्या वर्गात उभी राहते तशीच. शेवटचं रीळ घेऊन फटफटी आली.

"दादा, डबा माझ्याकडे द्या. आणि तुम्ही बाहेरच थांबा."

"का हो बाई? मी काय केलं?"

"तुम्हाला गोष्ट फार छान सांगता येते, म्हणून."

तो लाजला आणि खरंच बाहेर थांबला. डबा वर गेला, दिवे विझले. आम्ही बंद दाराला कान लावून उभे होतो. आत सगळं थेटर एकदम "आई गं!" म्हणालं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिच्या वाट्याचा धक्का तिला दाराबाहेर मिळाला, तोही उसना.

तुम्ही तो सिनेमा कुठे पाहिला असेल, तर शेवट कुणालाही सांगू नका. घरी नाही, चहाच्या टपरीवर नाही, आणि थेटरात दिवे लागलेले असताना तर मुळीच नाही.