न दिसणाऱ्या डब्याचं झाकण

“अगं, डबाच उघडायचाय ना? चमच्याच्या दांडीनं उचकट झाकण नि ये निघून!” फोनवर सासूबाई ठणकावत होत्या.

“आई, तो डबा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.”

“मग त्यात ठेवणार काय? तुझ्या नवऱ्याची अक्कल?”

“औषध ठेवायचं. आजारी पेशीपाशी पोचला की झाकण उघडायचं, असा डबा.”

“बरं. तोवर तुझी पोर मलाच आई म्हणायला लागलीय, तेवढं ऐकून ठेव.”

नवरा, लेक, सासू दूरच्या गावी. सून इथं प्रयोगशाळेत अडकलेली. सगळे तिला ‘झाकणताई’च म्हणत. डीएनएचा एक लांब धागा नि त्याला जागोजागी टाचणारे आखूड धागे खारट पाण्यात मिसळायचे, तापवायचे, मग हळूहळू निववायचे. धागे आपसूक आपापली जोडी शोधतात, घडी बसते, डबा होतो. डबा कधीचाच झाला होता. पण झाकणाची कडी सोडवणारा किल्लीचा धागा घातला तरी झाकण ढिम्म हलत नव्हतं. ते उघडेपर्यंत सर तिच्या प्रबंधावर सही करणार नव्हते.

फोन ठेवते न ठेवते तोच सर सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतून ओरडत आले. “झाकणताई, उघडली! झाडून सगळी! बांध बोचकं, उद्या सही!”

ती सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे धावली. खरंच, सगळे डबे आ वासून. मनातल्या मनात बोचकं बांधूनही झालं. मग सवयीनं तिनं दुसऱ्या नळीतले डबे बघितले, किल्ली न घातलेले, म्हणजे बंदच असायला हवेत असे. तेही आ वासून.

तिनं फ्रीजर उघडला. झाकण लावून धरणारे कडीचे धागे या वेळी मिश्रणात घालायचेच राहिले होते. कुपी भरलेली, तशीच. झाकण मुळात लागलंच नव्हतं, मग उघडणार कुठून!

गप्प बसलं तर? दुसरी नळी कोण बघतंय? उद्या सही, परवा लेक कुशीत. पण बिनकडीच्या डब्यातलं औषध वाटेतच सांडणार, नि सांडलं की सगळ्यांना झाकणताईचंच नाव आठवणार.

“सर, कडी घालायची राहिली.”

सरांचा चेहरा उतरला. “मग उद्याची सही?”

“कशावर करणार?”

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. “घाल मग कडी,” एवढंच म्हणाले.

तिनं नवे हातमोजे चढवले, कुपीतला बर्फ वितळू दिला आणि नव्या मिश्रणाच्या पहिल्या नळीत थेंब सोडला.