शांताक्काच्या गोळ्या

हिनकल गावात लग्न ठरलं की बायका आधी शांताक्काकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या, मग बाकीची खरेदी. नवरा लवकर गेला, पण तिचं मशीन थांबलं नाही. त्या शिलाईवर मुलगा बिंदुमाधव शिकला, हेब्बाळच्या एका कंपनीत लागला. शिकलेला मुलगा म्हणेल ते खरं, असं तिचं झालं होतं.

मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चहातली साखर तोडली. गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं. एका रविवारी बिंदुमाधव ग्रीन टीचा डबा घेऊन आला.

"आई, मोबाइलवर वाचलं मी. ह्या चहानं शुगर उतरते. गोळ्यांनी किडनी जाते. सोड त्या."

"डॉक्टरांना विचारूया की."

"त्यांना गोळ्या खपवायच्या असतात. साकु, पुरे झालं आता, बंद कर."

तिनं बंद केल्या. तो गवतासारखा चहा ती मुकाट्यानं प्यायची. तहान वाढली, अंग उतरलं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला, तेव्हा मुलगा खूश झाला. "बघ, बारीक होतेयस. गुण येतोय."

वर्षभरानं एका सकाळी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावताना तिच्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. कापडाचेच असतील म्हणून ती मांडीवरून झटकत राहिली. दुपारपर्यंत त्या डोळ्यावर अंधार आला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वाढलेल्या साखरेनं आत रक्त उतरलं होतं, डावाही बिघडायला लागला होता.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

शांताक्कानं मुलाकडे पाहिलं.

"हिनंच केल्या," बिंदुमाधव म्हणाला. "मी नुसता चहा आणून दिला."

"चहा प्या की, बिनसाखरेचा," बाई म्हणाल्या. "थोडा फायदा होतही असेल. अभ्यास चाललेत, खात्रीनं कुणी सांगत नाही. पण गोळीच्या जागी चहा चालत नाही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, लेझर झालं. डाव्या डोळ्यानं तिला माणूस ओळखू येतो; सुईचं नेढं दिसत नाही. मशीनवर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात.

मागच्या वैशाखात बन्नूरची एक जुनी गिऱ्हाईक लेकीच्या लग्नाचं कापड घेऊन आली. बिंदुमाधवनं तिला दारातच थांबवलं. "आईचं वय झालं हो. दिसत नाही."

भिंत धरत शांताक्का बाहेर आली.

"वयानं नाही गेले डोळे. ह्यानं गोळ्या सोडायला लावल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे माझ्यावर ढकललं. मी ऐकून घेतलं, ही माझी चूक."

गिऱ्हाईक बाई कापड छातीशी धरून उभी राहिली. बिंदुमाधव आत निघून गेला.

चारचौघांत पोटच्या पोराला असं बोलू नये, असं नातेवाईक अजून तिला सुनावतात. तो एकदा तरी "चुकलो" म्हणेल, म्हणून ती बरेच दिवस थांबली होती. हल्ली त्यानं हाक मारली तर ती ओ देते, तेवढंच.