सीटीच्या फॉर्मवरचं ‘कसं लागलं?’

परळच्या एका हॉस्पिटलात मी सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे. अंगात काही घुसलेला माणूस आला, की फॉर्मवरचा एक रकाना मलाच भरावा लागतो: ‘कसं लागलं?’ तिथं लोक इतकं खोटं सांगतात, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात!

लग्नाला चार महिने झालेत. सासूबाई अख्ख्या प्रभादेवीला सांगतात, "आमची सून फोटो काढते." एकट्यात म्हणतात, "त्या किरणांत कशाला बसायचं? एक तारखेला राजीनामा देऊन टाक." मी कमी बोलते. पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. द्यायचं मात्र अजिबात मनात नव्हतं.

*

वरळी कोळीवाड्यातले एक दादा मानेत भोक घेऊन आले. "मारामारी झाली. चौघं होते. सुरा मारला!"

स्कॅनमध्ये मानेत एक टोकदार हाड दिसलं. माणसाचं नसलेलं. स्कॅन वाचणाऱ्या आमच्या डिसोझा मॅडम म्हणाल्या, "दादा, सुऱ्याला हाड असतं?"

सुईसारख्या चोचीचा मासा पाण्यातून उडाला होता, तो थेट मानेत! मासा कोळ्याला मारतो, हे वस्तीत सांगणार कसं? पण सुरा म्हटल्यावर पोलीस दारात हजर. "कुठाय तो मासा?"

"बायकोनं तळायला घेतलाय, साहेब."

*

लालबागचा एक मंडपवाला शिडीवरून पडला, बांबूची चीप मांडीत. लाकूड सीटीत हवेसारखंच काळं दिसतं. नवे डॉक्टर बेफिकीर: "काही नाही, आत हवा गेलीय."

मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, "हवा इतकी सरळ रेषेत कधी गेली रे?"

चीप निघाली. मंडपवाल्यानं पडल्या पडल्या हात जोडले. "टाकू नका हां! बाप्पाच्या मंडपाची आहे."

*

मशीनवर दागिने चालत नाहीत. बायका सगळं काढतात, मंगळसूत्र नाही! एका काकूंच्या खांद्यात खिडकीची काच, तरी मंगळसूत्र मुठीत घट्ट. मी हळूच सुचवलं, "पाच मिनिटं काकांच्या गळ्यात घालू या?"

काकांनी निमूट मान वाकवली. तेव्हापासून आमच्याकडे हीच पद्धत. कधी कधी बाहेरच्या बाकावर दोन-तीन सवाष्ण पुरुष ओळीनं बसलेले असतात.

*

तीस तारखेला दुपारी स्ट्रेचरवर सासूबाई! पालथ्या.

"पाय मुरगळला," त्या उशीत तोंड घालून म्हणाल्या. सासऱ्यांनी गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि बाकावर जाऊन बसले.

स्क्रीनवर पाय ठणठणीत. बसायच्या जागी मात्र, चांगले दोन इंच आत, क्रोशाच्या सुईचं तुटलेलं टोक. टोकाचा वाकडा आकडा अगदी स्पष्ट!

"आई, क्रोशा?"

"टोपडं विणत होते," उशीतून आवाज आला. "तुझ्या नवऱ्यानं बेल वाजवली. तुम्हा दोघांना कळू नये म्हणून सोफ्यावर ठेवलं आणि घाईत त्यावरच बसले."

मी फॉर्म पुढे ओढला. "कसं लागलं?"

"पडले म्हणून लिही गं!"

"खरंच लिहावं लागतं, आई. नाहीतर माझ्या जागी येणारी मुलगी पुन्हा विचारेल."

"कोण येणारी?"

"उद्या एक तारीख ना."

उशीतून डोकं वर आलं. "पत्र कुठाय?"

"पर्समध्ये."

"फाड आधी! माझं हे प्रकरण परक्या पोरीच्या हातात देतेस?"

फाडलं. चार तुकडे, त्यांच्यासमोर.

गळ्यातलं मंगळसूत्र सावरत सासरे दारातून डोकावले. "पाय कसा आहे?"

"सूज आहे, बाबा."

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "कुणाला सांगणार नाहीस ना?"

"छे, आई!"