लांजेकर सरांचा पश्चात्तापी खुनी

गुरुप्रसाद लांजेकर यांना रत्नागिरीत सगळे ‘सर’ म्हणतात. मीही म्हणते, पण निव्वळ सवयीने. त्यांनी मला कॉलेजात दोन वर्षं मानसशास्त्र शिकवलं, म्हणजे स्वतःच्या जुन्या वहीतून वाचून दाखवलं आणि आम्ही ते उतरवून घेतलं. एकदा मी विचारलं, “सर, हे सगळे प्रयोग परदेशातल्या माणसांवरचे आहेत. आपल्याकडची माणसं अशीच वागतात का?” सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “रेणुका, मन सगळीकडे सारखंच असतं. परीक्षेला येईल तेवढं लिही.” त्या पेपरात मला बेचाळीस मार्क पडले. माझा राग मार्कांचा नाही. कुणाला पटत नसेल तर नको पटू दे.

पुढे मी पोलिसात लागले आणि सर तीच वही वाचत निवृत्त झाले. माणूस तसा सज्जन. दारू नाही, सिगरेट नाही, बायकोला कधी एकेरीत हाक नाही. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जायचं आणि भेटेल त्याला थांबवून त्याच्या स्वभावाचं निदान करायचं, एवढंच व्यसन. जन्म रत्नागिरीत, शाळा, नोकरी, पेन्शन सगळं रत्नागिरीत. पण मिरकरवाड्याच्या बंदरात ते कधी उतरले नाहीत, कारण मासळीचा वास येतो. गावांमध्ये गेले ते निवडणुकीच्या ड्युटीला, तेही कुरकुर करत. ह्या जिल्ह्यातली माणसं त्यांना वर्गातल्या बाकांवर भेटली, आणि तिथे बोलायचे ते एकटेच.

निवृत्तीनंतर वर्षभर त्यांना करमेना. मग त्यांनी चार महिन्यांचा एक ऑनलाइन कोर्स केला आणि कार्ड छापून घेतलं: ‘क्रिमिनल प्रोफायलर’. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. एका स्थानिक साप्ताहिकात सदर सुरू केलं. गणपतीत मंडळांना व्याख्यानं देऊ लागले. खुनी डावखुरा कसा ओळखायचा, आईचं प्रेम न मिळालेला माणूस चाकू कसा धरतो, असलं काहीबाही सांगायचे आणि लोक प्रसादाच्या शिऱ्याबरोबर तेही गिळायचे.

हे असंच चाललं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण २०२४ साली आमच्याकडे नवे साहेब आले. त्यांना उघडकीस न आलेले जुने खून पुन्हा तपासायचे होते. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं, सर मानधनाशिवाय यायला तयार झाले, आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून मला त्यांच्या दिमतीला दिलं. मी हवालदार, अठरा वर्षं नोकरी झालेली. त्यांच्या हातात थर्मास आणि माझ्या हातात फायली, अशी आमची वरात निघायची.

पहिलीच फाइल सोनूबाई जाधव यांची. वय अडुसष्ट, विधवा, मूलबाळ नाही, अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेलं. कातळावरच्या एका बौद्धवाडीत एकट्या राहायच्या. शेजारच्या घरात पुतण्या अनिल, तो मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला. २०१७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी त्या स्वयंपाकघरात मरून पडलेल्या सापडल्या. डोक्यात घाव होता, गळ्यातली बोरमाळ गेली होती. पण अंगावर पांढरी साडी नीट पांघरलेली, डोळे मिटलेले, तोंड पुसलेलं आणि उशाशी जळून संपलेली मेणबत्ती. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यावरून घटना समजली.’ कोण शेजारी, ते नव्हतं. दोन वर्षं तपास झाला आणि मग ‘अ’ समरी पाठवली, म्हणजे गुन्हा खरा, गुन्हेगार माहीत नाही.

सरांनी फोटो टेबलावर मांडले, भिंगातून बघितले, मग डोळे मिटून बसले. मला वाटलं झोप लागली.

“पश्चात्ताप,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “रेणुका, खुन्याला पश्चात्ताप झालाय. शास्त्रात ह्याला अनडुइंग म्हणतात. केलेलं कृत्य पुसून टाकायचा प्रयत्न. चोर असं करत नाही. हे जवळच्या माणसाचं काम.”

“आणि बोरमाळ, सर?”

“चोरी वाटावी म्हणून. दिशाभूल.”

म्हणजे साडी खरी आणि बोरमाळ खोटी. का, तर साडी कोर्सच्या पुस्तकात होती.

आम्ही वाडीवर गेलो. सर अंगणात फणसाखाली उभे राहिले, घराकडे बघत. शेजारच्या कमलामावशी, सत्तरीच्या पुढच्या, तांब्याभर पाणी आणि दोन पेले घेऊन आल्या. “नको, माझं आहे,” म्हणून सरांनी थर्मास उघडला. मीही नको म्हटलं. मी आमच्या गावातल्या कुणबीवाडीतली, आणि असं ‘नको’ म्हणायची आम्हाला लहानपणापासूनची सवय. मावशी पेले घेऊन परत गेल्या. वाडीतल्या कुणाचे जबाब घ्यायचे का, असं मी सरांना विचारलं, तर म्हणाले, “माणसांशी बोललं की निरीक्षण दूषित होतं.” वीस मिनिटांत आम्ही खाली उतरलो.

आठ पानांचं प्रोफाइल तयार झालं. खुनी पुरुष, चाळीस ते पन्नास वयाचा, नात्यातला, घरात रोज ये-जा असलेला, ट्रंकेत साडी कुठे असते ते माहीत असलेला, थंड डोक्याचा. शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे: ‘व्यवसायाने थंड वातावरणाशी संबंधित असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ फायलीत अनिलच्या नावापुढे ‘बर्फ कारखाना’ लिहिलेलं होतं. ते वाचून शक्यता सुचली, हे शेंबडं पोरही सांगेल. साहेब मात्र खूश झाले. ते पुण्याकडचे, त्यांना हे सगळं अत्याधुनिक वाटलं.

तेवढ्यावर सर थांबले असते तरी निभावलं असतं. त्यांनी साप्ताहिकात लिहिलं. नाव दिलं नाही, कारण ते नीतिमान आहेत. फक्त वाडी कुठल्या बाजूची, बाई काय करायच्या आणि ‘मारेकरी आजही त्याच अंगणात वावरतो’ एवढंच लिहिलं. दोन दिवसांत ते कात्रण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. बर्फ कारखान्याच्या मुकादमाने अनिलला सांगितलं, काही दिवस येऊ नकोस. त्याच्या मुलीचं, तेजलचं, दापोलीकडच्या मुरुडात जमलं होतं, साखरपुड्याची तारीख धरलेली. मुलाकडच्यांनी फोन करून सांगितलं की सध्या थांबू या. अनिल ठाण्यात येऊन साहेबांच्या दारात उभा राहिला.

“काकीनं मला वाढवलाय, साहेब,” एवढंच तो म्हणाला. सर आतच बसले होते. तो गेल्यावर ते म्हणाले, “बघितलंत? रडला नाही.”

साहेबांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस काढली. गुरुवारी बोलवायचं आणि समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर तिथेच अटक करायची, असं ठरलं. नोटीस द्यायला मी सोमवारी एकटी गेले. अनिल घरी नव्हता. ओट्यावर कमलामावशी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी विचारलं, “अनिलला कशापायी धरताव?” मी वैतागलेलीच होते. सांगून टाकलं की त्या पांढऱ्या साडीपायी. ज्याने मारलं त्यानेच ती पांघरली, असं मोठ्या माणसांचं म्हणणं आहे.

मावशींनी सूप खाली ठेवलं.

“ती साडी मी घातली.”

मी तिथेच ओट्यावर बसले.

“सकाळी हाक मारली तर ओ नाय. आत जाऊन बघतंय तर अशी पडलेली. लुगडं वर गेलेलं. आता बापये येणार, पोलीस येणार, तिला काय तशी उघडी ठेवायची? तोंड पुसलं, डोळे मिटवले. पौर्णिमेची साडी काढली नि घातली. मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. मग भायेर येऊन बोंब मारली.”

“पौर्णिमेची म्हणजे?”

“बुद्धपौर्णिमेला नेसतो ती. आमच्यात समद्या बायांकडे असते. ट्रंकेत वरच ठेवलेली असते.”

वाडीतल्या प्रत्येक घरात एक पांढरी साडी आहे, आणि साठ वर्षं ह्या शहरात काढलेल्या मानसशास्त्रज्ञाला त्याचा पत्ता नाही. मला हसू आलं आणि संतापही आला. मी गाडी सुसाट मारली आणि साहेबांना सगळं सांगितलं. प्रोफाइल आता रद्दीत जाणार, ह्या आनंदात होते मी.

साहेबांनी सरांना बोलावलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, थर्मासच्या झाकणातून दोन घोट चहा घेतला आणि म्हणाले, “म्हणजे माझं प्रोफाइल तंतोतंत बरोबर निघालं.”

“कसं काय?” साहेबांनी विचारलं.

“जवळची व्यक्ती. रोज ये-जा. साडी कुठे असते ते माहीत. पश्चात्ताप. फक्त पुरुष नसून स्त्री, एवढाच तपशील बदलतो. तिने स्वतःच कबूल केलंय की मृतदेहापाशी ती एकटी होती. रेणुका, शाब्बास! कबुलीजबाब घेऊन आलीस.”

ह्या माणसाला काही सांगायला गेलं की तो ते स्वतःच्या वहीत चिकटवतो, हे मला कॉलेजातच कळायला हवं होतं. अनिलला सोडवायला गेले आणि म्हातारीला अडकवून आले. साहेब अनिलच्या जोडीने कमलाबाईंनाही गुरुवारी आणा म्हणाले.

गुरुवारी मावशी आल्या, इस्त्रीचं पातळ नेसून. अनिल बाहेर बाकावर बसला, शेजारी तेजल. आत साहेब, सर आणि जबाब लिहायला मी. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्हाला रात्री झोप लागते का?”

“लागते की,” मावशी म्हणाल्या.

सरांनी काहीतरी टिपून घेतलं. असले पाच-सहा प्रश्न झाल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, “साहेब, मी विचारू का?” त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, “मावशी, त्या सकाळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काय काय केलंत, सगळं सांगा. काही सोडू नका.”

मावशींनी पुन्हा सगळं सांगितलं. तोंड, डोळे, साडी, मेणबत्ती. मग म्हणाल्या, “आणि दोन कपबश्या हुत्या, चुलीपाशी. चहा पिऊन ठेवलेल्या. लोकं येणार, घर बरं दिसाया हवं, म्हणून घासल्या नि फळीवर लावल्या.”

“दोन कप म्हणजे सोनूबाई आणि अनिल?”

मावशींना माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. “अनिलला कशाला कपबशी? घरच्याला पेल्यात चहा. मला पण पेल्यातच. त्या कपबश्या तिला अंगणवाडीत सत्काराला मिळालेल्या, त्या फळीवरच असायच्या. कोण बाहेरचा मोठा माणूस आला तरच काढायची, एक त्याला नि एक आपल्याला. सायबलोक, नायतर सर्व्हेवाले.”

म्हणजे बाहेरचा माणूस आला होता. सोनूबाईंना तो मोठा वाटला, म्हणून त्यांनी ठेवणीतल्या कपबश्या काढल्या, चहा दिला, आणि त्याने त्यांना मारून बोरमाळ नेली. घरचा नव्हता, शेजारचा नव्हता. अनिलसाठी ती फळीवरची कपबशी कधीच खाली आली नसती.

“कप धुणं हेसुद्धा अनडुइंगच,” सर म्हणाले.

“लांजेकर सर,” साहेब म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

सर थर्मास घेऊन बाहेर गेले. आजही ते व्याख्यानं देतात, आणि त्यांच्या व्याख्यानात आता ‘कपबशी सिद्धांत’ नावाचा भाग आहे, तो त्यांनी स्वतः शोधल्यासारखा सांगतात. अनिलला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि महिन्याभराने मुकादमाने कामावर परत घेतलं. तेजलचं ते लग्न मात्र मोडलं ते मोडलंच. त्या फेब्रुवारीत कातळावरच्या वाड्यांमध्ये कोण कोण फिरलं होतं, ते मी दोन महिने शोधलं. सात वर्षांनी कुणाला काय आठवणार? सोनूबाईंना कुणी मारलं ते आम्हाला माहीत नाही, आणि आता कळेल असं मला वाटत नाही.

पण त्या गुरुवारी, सर बाहेर गेल्यावर, मी मावशींना जरा चिडूनच विचारलं, “अहो, एवढी मोठी गोष्ट, ती तेव्हाच का नाही सांगितलीत? त्याच आठवड्यात तो सापडला असता.”

“सांगाय आलेली की,” मावशी म्हणाल्या. “अंगणात दोरी बांधलेली तुमच्या लोकांनी. दोरीपाशी तुमीच हुतात. तेवा बारीक हुतात जरा. मी म्हटलं, बाई, आतल्या कपबश्या मी... तर तुमी म्हणालात, मागं व्हा, इथं गर्दी करू नका.”

मला हे आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्या दिवशी बंदोबस्ताला मी होते, हे ड्युटीच्या रजिस्टरात आहे. दोरीपाशी पन्नास बायका असतील, आणि मागं व्हा असं मी पन्नासदा म्हटलं असेल. माणसांचं ऐकून घेत नाहीत म्हणून सरांपासून कुणाकुणाला मी नालायक म्हणत आले, ते मोजत बसले तर यादी मोठी होईल.

मी जबाब लिहून काढला आणि शेवटी एक वाक्य घातलं: ‘सदर बाब मी त्याच दिवशी जागेवर हजर असलेल्या महिला पोलीस शिपाई रेणुका शितप यांना सांगण्यास गेले असता त्यांनी ऐकून घेतले नाही.’ साहेबांनी वाचलं. “हे वाक्य घालायलाच हवं का? तुमच्यावर खात्याची चौकशी लागेल,” ते म्हणाले. मी नियमाप्रमाणे मावशींना पूर्ण जबाब मोठ्याने वाचून दाखवला, त्या वाक्यासकट.

“बरोबर हाय,” मावशी म्हणाल्या, आणि सही केली.